मिस्टर मेह्यूंचा साडेतीनचा फोन

९ ऑक्टोबर, सोमवार

आज ग्रुपवर पुन्हा शिव्या खाल्ल्या. "हा ग्रुप चालवणारा ॲडमिन कोण गाढव आहे तो? हिंमत असेल तर समोर ये म्हणावं!" लिहिणाऱ्याने जुन्या टायरांची जाहिरात दोनदा टाकली होती, मी एक काढली. बस, एवढंच. गाढव तर गाढव. निदान कुणाला तरी माझी आठवण येते.

गावचा पेपर बंद पडला तेव्हा वाटलं होतं, आता मी काय करणार? इतकी वर्षं फोनवर लोकांच्या छोट्या जाहिराती उतरवून घेतल्या — पिल्लं देणे आहे, खाट विकणे आहे, मुलाला नोकरी लागली त्याबद्दल देवाचे आभार. मग हा गावाचा ग्रुप सुरू केला. माझं नाव लावलं नाही. कोण विचारतंय! आता अर्धं कॉर्बिन फेरी इथे भांडतं. कुणाचं कुत्रं हरवलं, कुठल्या चर्चमध्ये शनिवारी मासे तळताहेत, फुटबॉलच्या कोचला हाकला की ठेवा — सगळं आधी मला कळतं. आणि माझ्या दारात? पोस्टमनसुद्धा रस्त्यावरच्या पेटीत टपाल टाकून पुढे जातो.

समोरची कॅरल-ॲन संध्याकाळी झाडांना पाणी घालताना ओरडली, "इमोजीन! ग्रुपवर वाचलंस का, पूल दुरुस्तीला बंद होणार आहे!" ते मीच टाकलं होतं सकाळी. मी म्हटलं, "हो का? बाई बाई!"

११ ऑक्टोबर, बुधवार

दिवसभरात तोंडातून एक शब्द निघाला नाही. दुकानात बिल करणाऱ्या यंत्राने तेवढं "धन्यवाद, पुन्हा या" म्हटलं. मीही त्याला म्हणाले, "येते." मागची बाई माझ्याकडे बघतच राहिली.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

भलतंच झालं आज.

केस कापायला ट्रूडीकडे गेले होते. डोकं बेसिनमध्ये, डोळ्यांवर पाणी — तेवढ्यात पार्लरमधल्या सगळ्यांचे फोन वाजायला लागले. ट्रूडीने साबणाच्या हातानेच फोन धरला आणि मोठ्याने वाचलं: "हा माणूस रोज शाळा सुटायच्या वेळी लायब्ररीच्या आवारात गाडी लावून बसतो. हातात फोन असतो. आयांनो, पोरं सांभाळा." सोबत त्याचा फोटो. टाकणारी ब्रँडी लॉली. तिची मुलगी त्याच शाळेत आहे.

"गाडी बघ ना, मागे खिडक्याच नाहीत!"

"आणि तोंड बघ. हसतोय मेला!"

"ॲडमिन झोपलाय की काय?"

ॲडमिन बेसिनमध्ये होती! केस तसेच निथळत उठले. टॉवेलखाली फोन धरून ती पोस्ट काढून टाकली. पण काय उपयोग? लोकांनी स्क्रीनशॉट घेतले, चर्चच्या ग्रुपवर गेले, शाळेच्या ग्रुपवर गेले.

घरी येऊन तो फोटो नीट पाहिला. म्हातारा काळा माणूस, डोक्यावर फेल्टची हॅट, जुनी हिरवी व्हॅन. कॉर्बिन फेरीत संशयाला एवढं पुरतं. तो फोनकडे बघून हसत होता. पण ते हसणं — कसं लिहू — समोर कुणीतरी आपलं माणूस असल्यासारखं होतं.

माझ्याकडे बघून असं कुणी शेवटचं कधी हसलं? माझा नवरा गॅरी तर नाहीच. तो दाताच्या डॉक्टरांच्या रिसेप्शनिस्टबरोबर फ्लोरिडाला गेला त्याच्या कितीतरी आधीपासून नाही.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

लायब्ररीत गेले. पुस्तकं परत करायचीत असं स्वतःला सांगून.

हिरवी व्हॅन होती. आणि दोन बाप्ये तिच्या खिडकीशी, फोन वर धरून शूटिंग करत.

"कुणाची वाट बघतोस, आजोबा?"

"कुणाची नाही. बायकोशी बोलतोय."

"असं? मग दाखव की बायको!"

त्या म्हाताऱ्याने फोन छातीशी उलटा धरला. घट्ट. दाखवला नाही. "ती तुम्हाला भेटायला तयार होऊन बसलेली नाही," म्हणाला. आवाज चढवला नाही, काही नाही.

मग पोलीस आला. पोरगेलासा होता, अदबीने बोलला — सर, जरा दुसरीकडे गाडी लावता का, उगाच गडबड नको. म्हातारा "यस सर" म्हणाला आणि गेला. नातवाच्या वयाच्या पोराला यस सर!

मी पुस्तकं टाकायच्या पेटीपाशी उभी होते. हातात पुस्तकं तशीच.

१६ ऑक्टोबर, सोमवार

ग्रुपवर आता मीच चोर. "पोस्ट का काढली? ॲडमिन त्याचा कोण लागतो?" लिहू देत.

तो चेहरा शुक्रवारपासून डोक्यात होता, आज आठवलं. आमच्या चर्चचा पियानो दर वर्षी सुराला लावायला यायचे ते! चर्चच्या ऑफिसातून नंबर घेतला. डेल्फस मेह्यू, हॅच रोड. घरचा फोन. फोन लावायच्या आधी दोनदा पाणी प्यायले.

"मला काही घ्यायचं नाही, बाई," हे त्यांचं पहिलं वाक्य.

"मी काही विकत नाहीये. मी इमोजीन प्रूएट. शुक्रवारी मी लायब्ररीपाशी होते."

थकल्या आवाजात, "आता आणखी काय राहिलंय?"

मी म्हटलं, "तुमची बायको कशी आहे?"

हे बहुधा त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. हळूहळू सगळं सांगितलं. बायको अर्नेस्टीन. फेब्रुवारीत पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दूर बर्मिंगहॅम शहरात, म्हाताऱ्या-आजारी माणसांना सांभाळणाऱ्या एका नर्सिंग होममध्ये आहे. रविवारी हे गाडी चालवत जातात. रोज जायला डोळे साथ देत नाहीत. हॅच रोडला इंटरनेट नाही, मोबाईलला रेंजही नाही. लायब्ररीचं वायफाय मात्र बाहेर गाडीपर्यंत येतं. नर्सिंग होममधली जोवीटा नावाची मदतनीस साडेतीनला मोकळी होते, ती अर्नेस्टीनसमोर फोन धरते.

"मग लायब्ररीच्या आत बसायचं ना!"

"आत बोलायची बंदी. आणि मी तिच्यासाठी गातो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बोलणं गेलं तरी कधीकधी गाण्यातून परत येतं. मी गातो, ती नुसती बघते."

"हे सांगा की लोकांना! मी लिहिते हवं तर."

"काय लिहाल, मिस इमोजीन? बायकोचं तोंड वाकडं झालंय, लाळ गळते, म्हणून मी तिथे बसतो? ती हॅट घातल्याशिवाय चर्चची पायरी चढली नाही कधी. अख्ख्या गावाने तिला तशी बघायची — कशासाठी? मी पोरांकडे बघत नव्हतो हे पटवायला?"

शुक्रवारचा फोन अर्धाच राहिला, त्यानंतर झालेला नाही. काल रविवारी भेटून आले तेवढंच; साडेतीन वाजले की ती तिकडे वाट बघत असणार!

मी म्हटलं, "मी एकटी राहते, माझ्याकडे इंटरनेट आहे. स्वयंपाकघरात टेबल आहे. या."

"तुम्ही गोऱ्या बाई, एकट्या राहणाऱ्या. आणि मी रोज तुमच्या दारात गाडी लावायची?"

"लावा," म्हटलं.

फोन ठेवून टेबलाची दुसरी खुर्ची पुसून काढली.  

१९ ऑक्टोबर, गुरुवार

आले. मिस्टर मेह्यू, हॅट हातात. बसा म्हणेपर्यंत बसले नाहीत. मी टॅब्लेट लावून दिला, वायफायचा पासवर्ड सांगितला आणि मागच्या व्हरांड्यात जाऊन बसले. जाळीच्या दारातून आवाज येत होता. आधी सगळं साधंच — वाटाणे खाल्लेस का, मांजरीने काय केलं, कुणी कुणी विचारलं. मग गाणं. आवाज मोठा नाही, पण सुराला पक्का. चर्चमधली जुनी गाणी. एक ओळ म्हणून थांबायचे. पुढची ओळ तिची. तिकडून काहीच येत नसे. मग तीही स्वतः म्हणायचे.

मी वाटाण्याच्या शेंगा सोलायला घेतल्या होत्या. त्या तशाच राहिल्या.

जाताना कप धुऊन पालथा घालून गेले. माझ्या घरात दुसऱ्या कुणीतरी कप धुतला!

२४ ऑक्टोबर, मंगळवार

आज त्यांनी मला आत बोलावलं. "अर्नेस्टीनला तुम्हाला बघायचंय."

खरं तर तिने तसं सांगणं शक्यच नव्हतं. पण गेले. एप्रन काढून, केस नीट करून. पडद्यावर एक सडपातळ बाई, जांभळा स्कार्फ, चेहऱ्याची एक बाजू उतरलेली. डोळे मात्र! बापरे. एवढे जागे डोळे मी कुणाचे पाहिले नाहीत. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पडद्यांकडे, मग टेबलावरच्या दोन कपांकडे.

जोवीटा मागून म्हणाली, "मिस अर्नेस्टीन, हसा की! नवी मैत्रीण मिळाली तुम्हाला."

हसली नाही.

३१ ऑक्टोबर, मंगळवार

हॅलोविन. गोळ्यांचं मोठं पातेलं भरून ठेवलं होतं. आमच्या गल्लीत सोंगं घेऊन मुलं येतात कुठे आता! मिस्टर मेह्यूंनी जाताना मूठभर उचलल्या आणि म्हणाले, "मी कुठलं सोंग घेऊन आलोय, ओळखा."

"कुठलं?"

"गावाला घाबरवणारा म्हातारा."

एवढी हसले की कुशीत कळ आली.

५ नोव्हेंबर, रविवार

रविवारी ते बर्मिंगहॅमला जातात. रविवार फार लांबतो.

८ नोव्हेंबर, बुधवार

ग्रुपवर माझं घर!

"तीच हिरवी व्हॅन! आता सिकॅमोर स्ट्रीटवर, एका एकट्या बाईच्या घरासमोर, रोज दुपारी. कुणी चौकशी करेल का?" फोटोत माझा व्हरांडा, माझी टांगलेली फर्नची कुंडी. फोटो कुठून काढलाय ते बघायला वेळ लागला नाही. कॅरल-ॲनच्या बैठकीच्या खिडकीतून. तिच्या पडद्याची झालरसुद्धा आलीये कोपऱ्यात. टाकणारं नाव दुसरंच होतं; तिने कुणाला तरी पाठवला असणार.

भराभर लोक लिहायला लागले. बाई बरी आहे ना? बाईला फसवत असेल. बाईच तसली असेल. एकाने लिहिलं, "ती इमोजीन प्रूएट ना? पेपरात होती. अजून जिवंत आहे?"

ते मात्र लागलं.

काढून टाकू शकत होते. एक बोट लावलं की संपलं. बोट तिथेच ठेवून बसले. आणि मग पहिल्यांदा स्वतःच्या नावाने लिहिलं: "हे माझं घर आहे. हे माझे पाहुणे आहेत, मी बोलावलं म्हणून येतात. ते का येतात हा त्यांचा प्रश्न, आणि लायब्ररीसमोर का बसत होते हाही त्यांचाच. त्यांनी कुणाचं काही वाईट केलेलं नाही, हे मी माझ्या नावावर सांगते. आणि हा ग्रुप मी चालवते. ॲडमिन कोण गाढव, विचारत होतात ना? मीच ती. मी जिवंत आहे."

फोन फ्रिजवर ठेवून दिला. वाजत होता, वाजू दिला.

९ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी कॅरल-ॲन आली, केळ्याचं पुडिंग घेऊन. कधी नव्हे ते पुढच्या दाराने.

"तू? तू चालवतेस ग्रुप? आणि मी इतकी वर्षं तुलाच बातम्या सांगत होते!"

"छान सांगायचीस."

"मी काळजीपोटी गं, इमोजीन. एकटी बाई तू—"

"एकटी मी गेली नऊ वर्षं आहे, कॅरल-ॲन. काळजी या महिन्यात आली?"

गोरीमोरी झाली. मग इकडेतिकडे बघत, हळूच, "पण येतात कशाला गं ते?"

"फोन करायला."

"फोन करायला!" म्हणाली. अजिबात पटलं नाही तिला. पुडिंग चांगलं होतं.

ब्रँडी लॉलीचा निरोप आला. "मी आई आहे. मला भीती वाटली. माझं चुकलं की नाही, मला अजून कळत नाही. पण फोटो सगळीकडून काढायला सांगितलेत." निदान खोटं तरी बोलली नाही पोरगी.

दुपारी मिस्टर मेह्यू आले. त्यांना कुणीतरी वाचून दाखवलं होतं. दारातच उभे राहिले.

"अर्नेस्टीनचं नाव घेतलं नाहीत तुम्ही."

"नाही."

"लोक तुम्हाला काहीबाही बोलतील आता."

"बोलू देत. इतके दिवस बोलतच नव्हते."

त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं रागावले. मग म्हणाले, "कॉफी आहे का, मिस इमोजीन?" आपणहून कॉफी मागितली त्यांनी. पहिल्यांदाच.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

लोकांनी दुसरा ग्रुप काढलाय. अर्धेअधिक तिकडे गेले. माझ्याकडे उरल्यात हरवलेल्या मांजरी आणि मेथडिस्ट चर्च. पूर्वी असतं तर जिवाला लागलं असतं. आज लक्षातसुद्धा आलं नाही सकाळभर.

निळा ब्लाउज इस्त्री केला. लिपस्टिक लावली, पुसली. उगाच.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

थँक्सगिव्हिंग. सणाचं म्हणून ते आज तिच्यापाशी आहेत, असायलाच हवेत. सकाळी दार उघडलं तर पायरीवर ओव्हनमध्ये भाजलेला रताळ्याचा गोड 'पाय', वर फॉइल. दार न वाजवताच ठेवून गेले होते.

जेवायला ताट मांडलं, मग काढून ठेवलं. तो 'पाय' उभ्यानेच खाल्ला, भांड्यातून, चमच्याने. जवळजवळ सगळा.

२७ नोव्हेंबर, सोमवार

आज मिस्टर मेह्यू भारी खुशीत होते. हॅच रोडला इंटरनेटची केबल टाकायला सुरुवात होणार म्हणे, वसंत ऋतूपर्यंत. "मग घरातूनच फोन! आणि तिला घरी आणलं की डॉक्टरीणबाईपण पडद्यावरच येतील. तुमची रोजची कटकट संपेल."

"वा! छानच की," म्हटलं.

मग बशा घासताना एक फुटली. निळ्या काठाची.

इतके दिवस झाले मला व्हरांड्यात जाऊन बसायचं लक्षात राहत नाही. त्यांचं बोलणं चालू असताना मी स्वयंपाकघरातच असते, काहीतरी ढवळत. त्यांनीही कधी हटकलं नाही.

१ डिसेंबर, शुक्रवार

ते गात होते, आणि मी पुढची ओळ म्हटली. ठरवून नव्हे. ते थांबले, तिच्या ओळीची जागा आली, कुणीच काही म्हणेना, आणि मला येत होती — निघून गेली तोंडातून. ते मागे वळून हसले. "अहो, तुम्हाला आवाज आहे की!"

पडद्याकडे बघितलं तेव्हा अर्नेस्टीनने तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.

"थकल्यात आज," जोवीटा म्हणाली.

थकलीच असणार.

५ डिसेंबर, मंगळवार

काल मिस्टर मेह्यू स्वेटर खुर्चीवर विसरून गेले. तपकिरी, हाताने विणलेला, कोपरांवर ठिगळं. सकाळपासून गारठा होता, म्हणून अंगात घातला. गारठा होता म्हणूनच.

सव्वातीनला त्यांचा फोन. गाडी सुरू होत नाही, बॅटरी गेली. "तुम्ही लावा फोन, मिस इमोजीन. तिला वाट बघायला लावू नका."

लावला. म्हटलं, "मिस अर्नेस्टीन, ते येताहेत—" तिने मला पाहिलं. वरपासून खालपर्यंत, मग नजर अंगातल्या स्वेटरवर थांबली. डावा हात उचलून माझ्याकडे बोट केलं. ओठ हलायला लागले. जोवीटा ओरडली, "बोला! बोला, बाई!"

"माझा," ती म्हणाली.

स्पष्ट. मग पुन्हा एकदा: "माझा."

जोवीटा रडत होती, नाचत होती. "बोलल्या! दहा महिन्यांनी बोलल्या! आधी त्यांना कळवा!"

स्वेटर काढला, घडी करून खुर्चीवर ठेवला. फोन समोर आहे. त्यांना सांगायचंय, ती बोलली.

काय बोलली, ते विचारतीलच.